मासेबंदीच्या इमारतीतला समुद्र

पुण्यातल्या त्या इमारतीत मासे आणायला बंदी होती, आणि हेमांगीने तर तिसऱ्या मजल्यावर खाऱ्या पाण्याची टाकी मांडून समुद्रच घरात आणला होता. काच भंगारातली, पंप जुन्या बाजारातला, पण प्रवाळ आणि दोन नारिंगी मासे मजेत होते. पैसे संपले ते इन्व्हर्टरपाशी. वीज गेली की पंप बंद आणि हिचा जीव टांगणीला.

एके सकाळी चेअरमन उपासनी कमिटी घेऊन दारात आले. "नियम म्हणजे नियम. आजच्या आज मासे बाहेर!"

"काका, हा नियम केलात कशासाठी?"

"आमच्या वास्तूत जीवहत्या नको म्हणून."

हेमांगीने त्यांच्या हातात मासे पकडायची जाळी दिली. "मग तुम्हीच काढा. समुद्र इथून लांब आहे, आणि नळाच्या पाण्यात हे मरतील."

उपासनींनी हात भाजल्यासारखी जाळी खाली ठेवली. "राहू देत," असं पुटपुटत ते जिन्याकडे वळले.

"काका, एक राहिलंच. वीज गेली की पंप थांबतो आणि हे गुदमरतात. तुमच्याच वास्तूत."

संध्याकाळपर्यंत लिफ्टच्या जनरेटरची एक वायर हेमांगीच्या घरात पोचली होती.