दस्तगीरची बाटली

"...पण वस्ताद, आता मी करू काय, ते तरी सांगा?"

विक्रांतनं पुन्हा विचारलं. भैरू वस्ताद आखाड्याच्या कडेला बसून माती चाळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

एका सरकारी खात्यात पैलवानांची भरती होती. विक्रांत निवडला गेला होता, दस्तगीरही. दोघं याच तालमीत वाढलेले, एका ताटात जेवणारे. नेमणुकीआधीची लघवीची तपासणी तेवढी उरली होती. आणि विक्रांतनं झटपट अंग भरावं म्हणून जिममधल्या कुणाच्या तरी नादानं इंजेक्शनं घेतली होती. वस्तादांना न सांगता.

तपासणीच्या सकाळी त्यानं दस्तगीरकडं त्याची लघवी मागितली. दस्तगीर आधी नको नको म्हणाला, मग त्यानं बाटली भरून दिली. शर्टाखाली लपवलेली ती बाटली दारातच सापडली. "कुणाची ही?" साहेब दरडावले, आणि विक्रांतच्या तोंडून नाव निघून गेलं.

दोघांचीही नोकरी गेली. लागायच्या आधीच.

"चुकलो मी," विक्रांत म्हणाला. "पण अंगातलं औषध काय, जाईल निघून. पुढच्या भरतीला..."

"दस्तगीर कुठाय?"

"बाहेर, कट्ट्यावर. आत येईना."

"का?"

"म्हणतो, वस्तादांना तोंड कसं दाखवू..."

वस्तादांचे हात मातीतच थांबले. त्यांनी दस्तगीरला हाक मारली.

दस्तगीर आला. दाराशीच मान खाली घालून उभा राहिला. पोराला नोकरी लागणार म्हणून त्याच्या अब्बांनी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले होते. काल त्यांनी त्याला उंबऱ्याच्या आत घेतलं नव्हतं.

"तू का दिलीस रे?"

"त्यानं मागितली, वस्ताद."

...

विक्रांतनं बाटली सापडल्यापासून दस्तगीरच्या तोंडाकडं नीट पाहिलंच नव्हतं. आता पाहिलं. डोळे सुजलेले होते, ओठ फुटलेला. अब्बांनी मारलं असणार. विक्रांत तसाच पुढं गेला आणि दस्तगीरच्या पायांशी बसला.

"दस्त्या, माफ कर मला."

"केलं की," दस्तगीर लगेच म्हणाला. "ऊठ. कपडे मळतील."

विक्रांतला एकदम हलकं वाटलं. डोळे पुसत त्यानं वस्तादांकडं बघितलं. आता तरी ते पाठीवरून हात फिरवतील...

वस्ताद उठले. विक्रांतला ओलांडून पुढं गेले आणि त्यांनी दस्तगीरला उराशी धरलं. म्हाताऱ्याचे खांदे गदगदत होते.

"बघितलंस, विक्रांत?" ते म्हणाले. "तू पुन्हा मागितलंस... आणि त्यानं पुन्हा दिलं."