तोडायला सांगणाऱ्याने आधी चढावे

घाड्यांच्या राईत साठ-सत्तर जुने रायवळ आंबे आहेत. छाटणी इतकी नीट की बांडगूळ औषधालाही सापडायचे नाही. तरी प्रत्येक झाडावर एखादी वठलेली, ढोलीची फांदी मुद्दाम राखलेली दिसते. ती का, असे पाहुण्यांनी विचारले की म्हातारे गुणाजी घाडी बायजाची गोष्ट सांगतात. सांगताना त्यांचा आवाज अजून चढतो.

राई तेव्हा खोताची होती. छाटणी बायजा घाडी करी. बापामागे कोयता तिच्याकडे आला, आणि बापाची रीतही: ढोलीवर कोयत्याच्या पाठीने ठोकायचे, कान लावायचे, आत कुणी नसेल तरच घाव. त्या फाल्गुनात खोताच्या मुलीचे लग्न राईतच होते. मांडवावर वठलेले लाकूड अशुभ, म्हणून खोत सकाळपासून झाडाखाली उभा.

"गो बायजा, ठोकत कित्याक बसलंस? देवळाचा दार काय ता?"

खालची माणसे हसली. समोरच्या ढोलीचे तोंड मातीने लिंपलेले होते. पाणी मुरू नये म्हणून तिचा बाप ढोल्या अशाच लिंपत असे. हे त्याचेच लिंपण, असे तिला वाटले. अपमानाने पेटून तिने न ठोकताच घाव घातला.

फांदी पडली आणि फुटली. आत धनेशाची मादी होती. वीण चालू असताना ती स्वतःला ढोलीत लिंपून घेते, पिसे गाळते. तिला उडता आले नाही. दोन पिल्लांसह ती तिथेच मेली. नर चोचीत उंबरे घेऊन आला आणि जिथे फांदी होती तिथे घिरट्या घालत राहिला. सात दिवस, म्हणे.

"पाखराचा सुतक पाळतलंस काय?" खोत म्हणाला.

बायजाने कोयता त्याच्या पायांशी आपटला. "हात माझो, पाप माझा. पण घाई तुमची. आता जो तोडूक सांगतलो, त्येनाच आधी वर चढाचा!"

त्यानंतर एकाही घाड्याने राईत कोयता नेला नाही. बाहेरून आणलेली माणसे बायजाचे डोळे पाहून परत फिरली, असे सांगतात. तीन वर्षांत बांडगुळाने झाडे गिळली. मोहोर येईना. चौथ्या फाल्गुनात खोत हात जोडून दारी आला. बायजाने नुसते झाडाकडे बोट दाखवले. साऱ्या गावासमक्ष तो पोट सुटलेला माणूस धोतर खोचून चढला, सोलवटला, ढोलीला कान लावून थांबला. खाली कोणी हसले नाही. बऱ्याच वेळाने वरून बारीक आवाज आला, "आत कोण तरी आसा गो."

"मगे उतरा," बायजा म्हणाली, आणि तिने बांडगूळ काढायला कोयता उचलला.

आजही राईत हीच रीत आहे, आणि ढोलीची फांदी पाखरांसाठी राखतात. गेल्या वर्षी रस्त्याची मोजणी करणारे एक साहेब तोडायची सतरा झाडे कागदावर मांडून आले. गुणाजींनी वाद घातला नाही. "बूट काढा," एवढेच म्हणाले. साहेबांनी वर पाहिले, गुणाजींकडे पाहिले आणि गाडीत जाऊन बसले. सतराही झाडे उभी आहेत.