सेट शब्दाची हद्दपारी

एका इंग्रजी शब्दाने तांबुळणी संस्थानाची अब्रू घालवली, आणि शिक्षा ठरली गद्रे मास्तरांना!

शब्द होता 'सेट'. संस्थानच्या शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या मास्तरांनी सरकारांना त्याचा अर्थ सांगितला होता, 'ठेवणे'. एवढ्याच भांडवलावर श्रीमंत तुळाजीराव सरकार मोठ्या साहेबाच्या बंगल्यावर टेनिस खेळायला गेले. डाव संपल्यावर साहेब म्हणाला, "आणखी एक सेट?" सरकारांनी रॅकेट गवतावर ठेवली. साहेबाला वाटले, राजाने हार मानली. मडमेने चहा देऊन विचारले, "आमचा नवा सेट आवडला का?" सरकारांनी भरलेला कप तसाच खाली ठेवला. मडम फुगली. मग कोणीतरी मावळत्या सूर्याकडे बोट दाखवून पुन्हा 'सेट' म्हणाले. आता सरकारांच्या हातात काहीच नव्हते. त्यांनी जरा विचार केला आणि डोक्यावरची पगडी काढून टेबलावर ठेवली!

अख्खा व्हरांडा पोट धरून हसला. सरकार परतले ते धुमसतच.

"मास्तर!" दरबारात गर्जना झाली. "या शब्दाला अर्थ आहेत तरी किती?"

मास्तरांनी जाडजूड कोश उघडला. एक पान उलटले, दुसरे उलटले, पाने संपेचनात. "सरकार, टेनिसचा डाव, कपबशांचा संच, सूर्य मावळणे, मोडलेले हाड बसवणे, कोंदणात खडा बसवणे, सापळा लावणे, दही लागणे..."

"पुरे! आमच्या राज्यात एक शब्द, एक अर्थ! खरा असेल तो ठेवा, बाकीचे हद्दपार!"

शेजारी राजशास्त्री बसले होते. दरबारात मान डोलवण्याचा त्यांना पगार होता. ते म्हणाले, "मूळ अर्थ तोच खरा, सरकार. मागाहून आलेले सगळे उपरे."

"ठरलं तर! उद्या दरबारात याचं एक मूळ सांगा, मास्तर. नाही सांगितलंत, तर तुम्ही वेशीबाहेर आणि तुमच्या शाळेला कुलूप!"

त्या शाळेत हौसा शिकत होती. पागेत घोड्यांची निगा राखणाऱ्या यशबा मोतद्दाराची ही मुलगी. घोड्यांची लीद काढून झाली की हात धुऊन वर्गात येऊन बसायची, आणि चौथ्या पुस्तकापर्यंत पोचली होती. संध्याकाळी ती मास्तरांकडे गेली, तर मास्तर ट्रंक भरत होते.

"मूळ घावलं न्हाई व्हय, मास्तर?"

"सापडलं गं! पण दोन सापडली. ठेवण्या-बसवण्याचा 'सेट' इंग्रजांच्या स्वतःच्या जुन्या भाषेतला. संचाचा 'सेट' फ्रेंचांकडून आलेला, त्याच्या मागे पुन्हा लॅटिन. एक मूळ सांगावं तर ते खोटं, दोन सांगावीत तर हुकूम मोडला."

हौसाला रडू कोसळले. मास्तर गेले की पुस्तक मिटले, पुढे जन्मभर लिदीची पाटी. मग मात्र तिला राग आला, आणि रागाने तिचे डोके नेहमीच छान चालायचे.

"ट्रंक सोडा, मास्तर. उद्या दरबारात मी बोलते!"

दुसऱ्या दिवशी ती लाल फडक्यातले गाठोडे डोक्यावर घेऊन आली. ते पाहताच देवडीवरचे शिपाई हात जोडून बाजूला झाले. आत काय आहे ते संस्थानात सगळ्यांना ठाऊक होते. तांबुळणीच्या गादीचा मूळपुरुष एका बड्या सरदाराच्या पागेत मोतद्दार होता. त्याचा चामड्याचा तोबरा, म्हणजे घोड्याच्या तोंडाला चंदी बांधायची पिशवी, पागेच्या देव्हाऱ्यात जपून ठेवलेला होता. दर दसऱ्याला आधी तोबऱ्याची पूजा, मग सिंहासनाची, आणि राजाने स्वतःच्या हाताने घोड्याला चंदी चारायची, असा रिवाज. तुळाजीराव मात्र नाकाला अत्तराचा रुमाल लावून लांब उभे राहत, आणि चंदी चारायचा यशबा.

"मास्तरांचं उत्तर मी आणलंय, सरकार," हौसा म्हणाली. "पर आधी येक इचारते. मूळ त्येच खरं, बाकीचं उपरं. हुकूम पक्का?"

"पक्का!"

"शास्त्रीबुवा, तुमचंबी त्येच?"

"वज्रलेप!" शास्त्रीबुवांनी मान डोलवली.

हौसाने फडके सोडले आणि तोबरा सिंहासनाच्या पायरीवर ठेवला.

"मग उठा सरकार! अबलख घोडी सकाळपासनं उपाशी हाय!"

मास्तरांनी डोळेच मिटून घेतले.

"या गादीचं मूळ ह्ये हाय," हौसा पुढे म्हणाली. "राजेपण मागाहून आलं. म्हंजी तुमच्याच हुकमानं मोतद्दार खरा, आन् राजा उपरा!"

"तसं नव्हे... याला अपवाद..." शास्त्रीबुवांच्या वज्रलेपाचे पोपडे पडायला लागले.

"जीभ आवर, पोरी!" सरकार कडाडले. "आमच्या पूर्वजांनी तलवार गाजवली! बढती मिळवली बढती!"

"मग त्या शब्दालाबी बढती मिळू द्या की! त्यानंबी इमानानं चाकरीच केली. टेनिसला बोलावलं, डाव झाला. चहाला बोलावलं, कपबशा झाला. ज्या जागी उभा असंल तिथला अर्थ खरा. तुम्ही पागेत मोतद्दार, दरबारात राजे. दोन्ही खरंच न्हवं?"

सरकारांचा हात मिशीवर गेला. हे त्यांना पटले, पण हार मानायची सवय नव्हती.

"आणि साहेबाच्या बंगल्यावर आम्ही कोण?"

हौसाने अदबीने मान खाली घातली.

"त्यो अर्थ मास्तरांनी अजून शिकवला न्हाई, सरकार."

सरकारांचे ओठ थरथरले, गाल फुगले, आणि एकदम असे खदखदून हसू फुटले की त्यांना सिंहासनाचा हात धरावा लागला!

"शाब्बास! मास्तरांना शालजोडी द्या! शाळेला पागेमागची दगडी इमारत द्या! आणि या पोरीला ती अबलख घोडी, खोगिरासकट!"

"आणि मला काय आज्ञा, सरकार?" शास्त्रीबुवांनी आशेने विचारले.

"तुम्ही तो तोबरा उचला," सरकार डोळे पुसत म्हणाले. "घोडी उपाशी आहे!"