साहेबांचा सत्कार

नगरपालिकेच्या मैदानावर पाणीप्रश्नाची सभा घ्यायची, म्हणून शर्वरी अर्ज घेऊन मुख्याधिकाऱ्यांसमोर उभी राहिली. खुर्ची सरकली तरी दचकणारी ती पोर.

"राजकीय सभेला मैदान मिळणार नाही," साहेब गुरकावले.

"पण परवा नगराध्यक्षांचा कार्यक्रम झाला की, साहेब!"

"तो सत्कार होता, बाई. सत्काराला आम्ही कधीच अडवत नाही."

शर्वरीने अर्जातलं 'सभा' खोडून 'सत्कार' लिहिलं. "मग आम्ही तुमचाच करतो. दहा दिवस नळ कोरडे ठेवल्याबद्दल शाल आणि श्रीफळ. सत्कारमूर्तींविषयी गल्लीतली प्रत्येक बाई दोन शब्द बोलेल."

साहेबांनी घाईघाईने पुन्हा 'सभा' लिहिलं आणि सही ठोकली. बाहेर पायरीवर मटकन बसल्यावरच शर्वरीचा जीव भांड्यात पडला.