फक्त सल्ला

बोरणखाडीची पाणथळ जागा बुजवायला मंत्रिमहोदय उतावीळ झाले होते. अहवालात त्यांनी ती 'कोरडी, पडीक' असल्याचं लिहून घेतलं होतं. निसर्ग सल्लागार मंडळाच्या अध्यक्षा इंदुताई खारकर अडून बसल्या, तेव्हा ते खेकसले, "बाई, मंडळाने फक्त सल्ला द्यायचा!"

"मग सल्ला देते. पुढची बैठक तिथेच घ्या."

बैठकीच्या दिवशी मंत्री तोऱ्यात गाडीतून उतरले, चार पावलं चालले आणि गुडघ्यापर्यंत चिखलात रुतले.

"बाई, हात द्या!"

"ते आमच्या अधिकारात नाही, साहेब. फक्त सल्ला देता येतो," काठावरून इंदुताई म्हणाल्या. "हा अहवाल, हे पेन. आधी 'कोरडी' खोडा."

साहेबांनी चिखलात उभ्यानेच शब्द खोडला. मंडळाचा सल्ला त्यांनी पहिल्यांदाच मानला होता.