मगरीचे तोंड

एका राज्यात एक नियम होता, आणि तो का म्हणून कुणी विचारायचे नव्हते: मगरीचे तोंड फिरवू नये. तिथे दोन राशींच्या मधे दगडी मगर ठेवीत. जी राशी मोठी, तिच्याकडे उघडा जबडा. गणित सोडवताना काहीही करा, मगरीला हात लावायचा नाही.

त्या राज्याचा झरा एका मांत्रिकाने तीन दारांआड कोंडला होता. दारावरच्या कोड्यात जो चुके, तो दगड होई. तीन वर्षांपूर्वी वैजयंती अशीच दगड झाली. आज तिची धाकटी बहीण कुंतला निघाली. मागून राजगुरू धूम्रकेश आणि मानकरी.

पहिल्या दारावरची टिटवी म्हणाली, “एका संख्येची तिप्पट करून पाच मिळवले, सव्वीस झाले.”

कुंतलेने दोन्हीकडून पाच काढले, तिनाने भागले. “सात.” दार उघडले.

दुसऱ्यावर टिटवी म्हणाली, “एका संख्येची पाचपट म्हणजेच तिची दुप्पट अधिक बारा.”

दोन्हीकडून दुप्पट काढली. उरली तिप्पट, ती बारा. “चार.” दार उघडले.

तिसऱ्यापाशी वैजयंती उभी होती, हातात चार दगडी दिवे. शेजारी पाण्याचे कुंड आणि दगडी मगर.

“कुंडात दहा ओंजळी,” टिटवी म्हणाली. “एकेक दिवा दोन ओंजळी पितो. चारांहून जास्त उरू दे. दिवे किती लावशील?”

“दोन्हीकडून दहा काढ,” राजगुरू म्हणाले. “दिव्यांची उणे दुप्पट, उणे सहापेक्षा मोठी. आता उणे दोनने भाग. दिवे तिनांहून जास्त.”

“ताई निघाली तेव्हा तिलाही हेच सांगितलेत. उणे दोन उणे सहापेक्षा मोठे, पण दोन सहापेक्षा लहान. उणेने भागले की मगर वळते, गुरुजी!”

“मोठ्यांना शिकवतेस?”

कुंतलेने मगर फिरवली. दिवे तिनांहून कमी. तिने दोन लावले. ते चार ओंजळी प्याले, सहा उरल्या. दार उघडले, झरा खळाळला, दगड वितळला.

वैजयंतीने डोळे उघडले. “कुंते, मी निघाले त्या सकाळी तू अंगणात याच कोड्याचे खडे मांडत होतीस. काय निघाले होते?”

“चार दिवे लावले की दोनच ओंजळी उरत होत्या, ताई.” कुंतलेची मान वर होईना. “नियम मोडेल म्हणून खडे पदरात लपवले.”

राजगुरू खाकरले. “झाले ते झाले. पोरी, मगरीवर हात ठेव आणि शपथ घे. नियमानेच झरा सुटला, असे लोकांना सांगायचे.”

“नाही,” कुंतला म्हणाली. “तेव्हा मी गप्प बसले. आता तुम्ही बसा.”

झरा वाहत होता.