मोडली की रे

“…आणि स्वतःची पाठ स्वतःच मोडली, तर मणका सरकतो का, बाबा?”

हसनबाबा भाकरीचं फडकं सोडत होते. मार्केट यार्डामागच्या पिराजवळ बसणारे हे म्हातारे फकीर. तरुणपणी त्यांनीही कांद्याच्या गोण्या वाहिलेल्या, म्हणून आम्ही हमाल पाठीचं दुखणं त्यांनाच सांगतो.

“कशी मोडतोस? दाखव.”

मी कंबर पिळली. कट्. दुसऱ्या बाजूला. कट्.

“दुखतं म्हणून?”

“नाही.”

“मग?”

“आवाज ऐकायला…”

बाबांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

“आळस देताना आपसूक वाजली तर वाजू दे. पण असे झटके देत राहिलास तर एक दिवस खरंच इजा होईल. पायाला मुंग्या आल्या, पाय बधिर पडला, तर माझ्याकडे येऊ नकोस. डॉक्टरकडे पळ. झालं?”

मी उठलो नाही.

“पुंजा, तू तुझ्या पाठीचं विचारायला आलेला नाहीस.”

मग माझ्या तोंडून सगळं एकदम बाहेर पडलं.

मी पायाळू. जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले. अशा माणसानं पाय लावला की पाठीत भरलेली उसण उतरते म्हणतात. म्हणून माझा थोरला भाऊ रंभाजीदादा लहानपणापासून मलाच पाठीवर पाय ठेवायला लावायचा. मागच्या महिन्यात एका सकाळी तो असाच पालथा झोपला. “हळू रे,” म्हणाला. माझी नवी बनियन त्यानं न विचारता घातली होती. मी चिडलेलो. टाच जोरात दाबली. मोठा आवाज झाला.

दादा हसला. “मोडली की रे!” म्हणाला. उठून कामाला गेला.

दुपारी गाडीत गोणी चढवताना कोसळला. तो उठलाच नाही.

“डॉक्टर काय म्हणाला?”

“हृदय बंद पडलं म्हणाला. पण बाबा… दादा स्वतः म्हणाला होता ना, मोडली म्हणून.”

बाबांनी फडकं बाजूला ठेवलं.

मग त्यांनी माझा उजवा हात ओढला आणि अंगठ्याशेजारचं बोट खेचलं. कट्.

“काय झालं?”

“बोट मोडलं.”

“कुणी?”

“तुम्ही.”

“मग जा, यार्डात बोंब मार. हसन्यानं बोट मोडलं, पोलीस बोलवा म्हणून.”

“थट्टा करू नका, बाबा! मी मारलं का त्याला? हो की नाही, एवढंच सांगा.”

त्यांनी फडक्यातली अख्खी भाकरी माझ्यापुढे धरली.

“मोड.”

“भूक नाही.”

“तुझी भूक विचारली कुणी? मला लागलीय. मोड.”

माझी कंबर आपोआप वळायला लागली… बाबांनी पाठीवर तळवा टेकला. ती थांबली.

मी डावा हात पुढे केला. उजव्या हाताचं ते बोट मी कधीपासून मुठीत दाबून धरलं होतं, मलाच कळलं नव्हतं.

बाबांनी भाकरी मागे घेतली.

“डाव्यानं नको. मोडलेल्या बोटानं मोड.”